बालिकागृहाचं अनुदान आणि बारा जणांचा पगार : इंदूरचं एक प्रकरण

हे प्रकरण नमुना म्हणून बांधलेलं आहे. यातली संस्था म्हणजे कुठलीही एक खरी संस्था नव्हे. पदांचे दर मात्र केंद्राच्या बाल संरक्षणासाठीच्या मिशन वात्सल्य योजनेचे आहेत, आणि वेतन-कायद्यांचे आकडे मध्य प्रदेशात २०२४-२५ साली जे होते तेच घेतले आहेत. अनुदानावर चालणाऱ्या गृहांचे हिशेब ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना यातलं काहीच नवखं वाटणार नाही.

मंजुरी काय होती

इंदूरच्या जुन्या मराठी वस्तीतली एक नोंदणीकृत सोसायटी बालिकागृह चालवते. किशोर न्याय अधिनियम, २०१५च्या कलम ४१खाली नोंदणी आहे. मंजुरी ५० मुलींच्या युनिटची, हजेरीपटावर ३८ मुली. मुली बाल कल्याण समितीच्या आदेशानेच येतात आणि आदेशानेच जातात, त्यामुळे संख्या संस्थेच्या हातात नसते. कार्यकारिणीत निवृत्त बँकवाले आणि शिक्षक. माणसं सचोटीची, पण अनुदानाचा हिशेब त्यांनी घरखर्चासारखा ठेवला होता: पैसे आले की द्यायचे, नाही आले की थांबायचं.

मंजुरी आदेशात बारा पदं होती. अधीक्षिका ३३,१०० रुपये, समुपदेशक आणि केस वर्कर प्रत्येकी २३,१७०, स्टोअरकीपर-कम-अकाउंटंट १८,५३६, दोन गृहमाता प्रत्येकी १४,५६४, पॅरामेडिकल ११,९१६, दोन स्वयंपाकीणबाई प्रत्येकी ९,९३०, दोन हेल्पर-कम-नाइट वॉचमन आणि एक हाउसकीपर प्रत्येकी ७,९४४. महिन्याची बेरीज १,८२,७१२ रुपये, वर्षाची २१,९२,५४४. हे दर कुठून आले याचं कोडं सोपं आहे. आधीच्या एकात्मिक बाल संरक्षण योजनेत हेल्परला ६,०००, स्वयंपाक्याला ७,५०० आणि गृहमातेला ११,००० होते. प्रत्येक आकड्याला १.३२४ने गुणलं की नवा दर तयार. कामाचे तास, राज्याचं किमान वेतन, शहरातलं घरभाडं यांपैकी कशाचाही त्या गुणाकाराशी संबंध नाही.

केंद्र आणि राज्य यांच्यात खर्चाची वाटणी ६०:४०. स्वयंसेवी संस्थेने चालवलेल्या गृहात १० टक्के वाटा संस्थेने घालायचा असतो. म्हणजे पगाराच्या २१,९२,५४४ रुपयांपैकी अनुदान १९,७३,२९० आणि संस्थेचे २,१९,२५४. मुलींच्या पालनपोषणाचे दरमहा दरडोई ३,००० रुपये वेगळे. जेवण, कपडे, साबण-तेल सगळं त्यात.

आदेशात पगारापुढे ‘एकमुश्त मानदेय’, म्हणजे ठोक मानधन, असे शब्द होते. पीएफचा मालकाचा हिस्सा, ग्रॅच्युइटी, रजेच्या काळातली बदली माणसं, यांपैकी एकाही गोष्टीला वेगळं शीर्ष, म्हणजे खर्चाचा वेगळा रकाना, नव्हतं. आदेश हातात पडला त्याच दिवशी ही ओळ वाचून कार्यकारिणीने कागद-पेन्सिल घ्यायला हवी होती.

कागदावर न दिसणारा खर्च

पीएफ लागू होतो का, इथपासून संस्थेत मतभेद होते. गृहात बाराच माणसं, मग वीस कर्मचाऱ्यांची अट कुठे भरते, हा नेहमीचा युक्तिवाद. पण कर्मचारी भविष्य निधी अधिनियम, १९५२च्या कलम २-क प्रमाणे एकाच आस्थापनेचे विभाग आणि शाखा एकत्र मोजल्या जातात. सोसायटीच्या पाळणाघरात नऊ जणी होत्या. बारा आणि नऊ एकवीस. कोड नंबर कधीच घेतलेला होता. आणि एकदा लागू झालेला कायदा संख्या पुढे वीसच्या खाली गेली म्हणून सुटत नाही.

हिशेब असा. १५,००० रुपयांच्या आत पगार असलेल्या आठ जणींचा पूर्ण पगार धरायचा: ८४,७३६. वरच्या चौघी आधीपासून सदस्य, त्यांचे प्रत्येकी १५,००० धरले तर ६०,०००. एकूण पीएफ-पगार १,४४,७३६. त्यावर मालकाचे १२ टक्के, विम्याचे अर्धा टक्का, प्रशासन शुल्क अर्धा टक्का, मिळून १३ टक्के: महिन्याला १८,८१६ आणि वर्षाला २,२५,७८८ रुपये. संस्थेच्या दहा टक्के वाट्याहून ही रक्कम थोडी जास्तच आहे. दोन्ही मिळून ४,४५,०४२.

तिसरा थर किमान वेतनाचा. दहा वर्षांनी मध्य प्रदेशाने १ एप्रिल २०२४पासून नवे दर लावले: अकुशल ११,८००, अर्धकुशल १२,७९६, कुशल १४,५१९. उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाने मे महिन्यात त्याला स्थगिती दिली आणि डिसेंबरात ती उठवली. त्यामुळे त्या वर्षी अनेक संस्थांना आपण नेमके कुठल्या दराला बांधलेले आहोत हेच कळेना. या गृहाच्या आदेशातला हेल्पर अकुशल दरापेक्षा ३,८५६ रुपयांनी खाली, आणि स्वयंपाकीणबाई अर्धकुशल धरली तरी २,८६६ने खाली. गृहमाता कुशल धरली तर दरापेक्षा फक्त ४५ रुपये वर. हेल्पर आणि हाउसकीपर तिघी, स्वयंपाकीणबाई दोघी: तफावत महिन्याला १७,३०० आणि वर्षाला २,०७,६००. पॅरामेडिकलचं पद कुशल धरलं तर तिथेही २,६०३ रुपये कमी पडतात. ते या हिशेबात घेतलेले नाहीत.

बालगृह हे ‘अनुसूचित नियोजन’ आहे का, हा वाद वकिलांनी खूप रंगवला. १९४८चा किमान वेतन अधिनियम यादीतल्याच कामांना लागू होता, त्यामुळे वादाला जागा होती. वेतन संहिता, २०१९ने ती यादीच काढून टाकली आणि २१ नोव्हेंबर २०२५पासून संहिता लागू आहे. खरं तर त्याच्या फार आधी, १९८३मध्ये, संजित रॉय विरुद्ध राजस्थान या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दुष्काळी कामावरच्या मजुरीबद्दल म्हटलं होतं की सरकारने किमान वेतनाहून कमी देऊन काम करून घेणं हे संविधानाच्या अनुच्छेद २३मधल्या सक्तीच्या श्रमात मोडतं. पैसा सरकारचा, काम सरकारने कायद्याने अंगावर घेतलेलं, मधे फक्त एक सोसायटी उभी. एवढ्याने हा मुद्दा पातळ होतो असं आम्हाला वाटत नाही.

वर्ष कसं गेलं

प्रस्ताव वेळेत गेला होता. २०२४च्या लोकसभा निवडणुकीची आचारसंहिता ६ जूनपर्यंत होती. चालू योजनांना ती आडवी येत नाही, पण त्या काळात नस्ती पुढे सरकवायला कुणी सहसा धजत नाही. मग तपासणी, मग त्रुटी, मग पुन्हा नोटशीट. पहिला हप्ता नोव्हेंबरच्या शेवटी आला. आठ महिन्यांचा पगार १४,६१,६९६ आणि मुलींचे ९,१२,०००, मिळून जवळपास पावणेचोवीस लाख रुपये संस्थेने तोवर स्वतः उभे करायचे होते. ठेवी होत्या १२ लाखांच्या.

जेवण थांबवता येत नाही, त्यामुळे थांबला तो पगार. आधी सत्तर टक्के, पावसाळ्यानंतर पन्नास. समुपदेशक ऑगस्टअखेर सोडून गेली. जून ते ऑक्टोबर या पाच महिन्यांचा पीएफ भरलाच नाही. ‘पगारच पूर्ण दिला नाही तर पीएफ कसला’ असं अकाउंटंटने समजावलं आणि सगळ्यांना ते पटलं. इथेच चूक झाली. अधिनियमाच्या कलम ६मध्ये शब्द आहे तो ‘देय’ पगार. महिना संपला की देणं तयार होतं, हातात दिलंत की नाही याला महत्त्व नाही, आणि पुढच्या महिन्याच्या १५ तारखेला चलन भरलं गेलं पाहिजे. काही जणींच्या अर्ध्या पगारातून त्यांचा स्वतःचा हिस्सा कापूनही तो भरला गेला नव्हता. उशीर ही एक गोष्ट. कापून ठेवून घेणं हा फौजदारी विश्वासघात ठरतो.

नोव्हेंबरात हप्ता येताच थकबाकी चुकती झाली. आणि त्याच आठवड्यात दहा टक्क्यांचा प्रश्न उभा राहिला: संस्थेचा वाटा दाखवायचा कुठून? ठेवी आटल्या होत्या. कोणीतरी सुचवलं की कर्मचाऱ्यांनी एप्रिलपासूनच्या पगाराच्या दहा टक्के ‘स्वेच्छा देणगी’ द्यावी. सुचवणाऱ्याला ही आपली नवी कल्पना वाटली असेल. अनुदान क्षेत्रात ही इतकी जुनी युक्ती आहे की तपासणीला येणारा अनुभवी माणूस आधी तीच शोधतो.

पासबुक

जानेवारीत तपासणी समिती आली. रजिस्टर नीट होती, सह्या पूर्ण होत्या, पगार बँकेतून गेला होता. समितीतल्या एका सदस्याने गृहमातेला तिचं पासबुक मागितलं. डिसेंबरचा पगार ४ तारखेला जमा: १२,८१६ रुपये. १४,५६४मधून पीएफचे १,७४८ वजा, बरोबर. ५ तारखेला १,४५६ रुपये संस्थेच्याच खात्यात परत. मग संस्थेचं पावतीपुस्तक मागवलं. त्या महिन्याच्या, एकाच तारखेच्या, एकाच हस्ताक्षरातल्या, सलग क्रमांकांच्या अकरा पावत्या. प्रत्येक रक्कम त्या त्या पदाच्या दराच्या बरोबर दहा टक्के. हेल्परच्या पावतीवर ७९४. बारावी नव्हती, कारण बारावं पद रिकामं होतं.

यात नेमकं काय बिघडतं ते सांगायला हवं, कारण अनेक संस्थाचालकांना अजूनही यात फारसं वावगं दिसत नाही. पहिलं, संस्थेचा वाटा हा संस्थेचा राहत नाही; अनुदानाचाच पैसा फिरून येतो आणि उपयोगिता प्रमाणपत्रावरची (पैसा कशावर खर्च झाला त्याच्या दाखल्यावरची) सही खोटी ठरते. दुसरं, गृहमातेचा खरा पगार १३,१०८वर येतो, म्हणजे तो ४५ रुपयांचा फरकही बुडतो. तिसरं, देणगीदारांची यादी वर्षअखेर फॉर्म १०बीडीमध्ये आयकर खात्याकडे जाते. स्वतःच्याच कर्मचाऱ्यांची नावं, ओळख-क्रमांकांसह, संस्था स्वतःच सरकारला लिहून देते. पुरावा शोधायला कुणाला कुठे जावंच लागत नाही.

दुसरा हप्ता रोखला गेला. पंधरा दिवसांत खुलासा मागितला.

दुरुस्ती

संस्थेने वकिलाकडून लांबलचक उत्तर लिहून घेतलं नाही, हे बरं झालं. चार पानी खुलाशाबरोबर बँकेची विवरणपत्रं जोडली आणि आधी पैसे परत केले.

एप्रिल ते जानेवारी या दहा महिन्यांच्या हिशेबाने घेतलेली ‘देणगी’ १,७१,१२७ रुपये होती: पूर्ण बारा पदांचे १,८२,७१२, त्यातून समुपदेशकाच्या रिकाम्या पाच महिन्यांचे ११,५८५ वजा. ही रक्कम उरलेली ठेव मोडून प्रत्येकीच्या खात्यात परत गेली. पावत्या पुस्तकात ‘रद्द’ शेरा मारून, मूळ प्रत जोडून ठेवल्या. फॉर्म १०बीडी ३१ मेपर्यंत भरायचा असल्याने वर्षाच्या आत रद्द झालेल्या पावत्या तिथे गेल्याच नाहीत. वर्ष उलटून गेलं असतं तर तेही विवरण सुधारत बसावं लागलं असतं.

पीएफची थकबाकी डिसेंबरात भरलेल्या चलनाबरोबर भरून झाली होती; त्यावरचं व्याज आणि दंड बाकी होता. जूनचं चलन पाच महिने उशिरा, जुलैचं चार, असं करत ऑक्टोबरचं एक महिना: चलनांच्या उशिराचे महिने मिळून पंधरा. दोघांचा हिस्सा आणि शुल्क धरून एका महिन्याचं चलन ३६,१८४ रुपयांचं. कलम ७-क्यूचं व्याज वर्षाला १२ टक्के, म्हणजे महिन्याला एक टक्का. कलम १४-बीचा दंडही जून २०२४पासून महिन्याला एक टक्का. रिकाम्या पदाची वजावट केली तर दोन्ही मिळून सुमारे १०,६०० रुपये. रक्कम लहान आहे, पण तिचा एक पैसाही अनुदानात टाकता येत नाही. दंड अनुदानात दाखवला की लेखापरीक्षक पूर्ण बाबच नामंजूर करतो.

उपयोगिता प्रमाणपत्रात आणखी एक गोष्ट सरळ करावी लागली. आठ महिन्यांत संस्थेने आपल्या सर्वसाधारण खात्यातून जे पैसे टाकले होते, ते हप्ता येताच गोळाबेरीज करून परत ओढून घेतले होते. ना ठराव, ना तपशील. बाहेरून पाहणाऱ्याला अनुदानाचा पैसा दुसरीकडे वळवल्यासारखाच दिसतो. योग्य रीत अशी: टाकण्याआधी कार्यकारिणीचा ठराव, ‘प्रकल्प खात्याला बिनव्याजी उसनवार’ अशी नोंद, प्रत्येक रक्कम तारखेनिशी, आणि परतफेडही त्याच रकमांनी. बेरीज जुळणं पुरेसं नसतं. एकेक ओळ जुळावी लागते. मार्चचा पगार एप्रिलमध्ये दिला असेल तर तो मार्चअखेरच्या खर्चात धरू नये, हेही इथेच चुकतं.

सगळ्यात टोचणारी बाब रिकाम्या पदाची होती. समुपदेशकाच्या पाच महिन्यांचे १,१५,८५० रुपये मंजूर असून वापरले गेले नाहीत. त्याच महिन्यांत हेल्पर रात्री बारा-बारा तास उभ्या होत्या. ७,९४४ला सव्वीस दिवसांनी भागलं तर रोजचे ३०५ रुपये, आणि तासाचे साडेपंचवीस. एका शीर्षातला पैसा दुसऱ्या शीर्षात विनापरवानगी नेता येत नाही, हा नियम योग्यच आहे. पण परवानगी मागण्याचं पत्र पहिल्याच महिन्यात देता येतं, आणि ते इथे कुणी दिलंच नव्हतं. दोन गृहमातांचंही तसंच. आठवड्याच्या २१ पाळ्या, दोघींच्या मिळून १२ होतात; उरलेल्या नऊ पाळ्या हेल्पर आणि स्वयंपाकीणबाई ओढतात. हे काम हजेरीपटावर येत नाही. तपासणी अहवालात मग ‘रात्री गृहमाता अनुपस्थित’ असा शेरा येतो आणि हप्ता पुन्हा लांबतो.

पैसा कुठून

दहा टक्के, पीएफ आणि किमान वेतनाची तफावत मिळून ६,५२,६४२. वाढीव १७,३०० रुपयांवरही १३ टक्के पीएफ लागतो, त्याचे २६,९८८. एकूण वर्षाला ६,७९,६३०, म्हणजे दिवसाला १,८६२.

इंदूरच्या मराठी घरांतून, रामबाग असो की राजेंद्र नगर, अशा गृहांना मदत येते ती जेवणाची. श्राद्धतिथी, पन्नाशी, नातीचा वाढदिवस: ‘त्या दिवशी आमच्याकडून पुरणपोळी.’ भावना मोठी आहे, पण हिशेबात ती अडचण करते. जेवण दान आलं की पालनपोषणाच्या १०० रुपये रोजातला जेवणाचा भाग वाचतो, आणि तो वाचलेला पैसा पगाराकडे नेता येत नाही. खर्च कमी म्हणून पुढच्या हप्त्यातून वजा होतो. थोडक्यात, देणगीदाराने मुलींना गोड घातलं आणि फायदा खजिन्याला झाला.

म्हणून संस्थेने तिथीच्या कार्डावरचा मजकूर बदलला. जेवण गृहाचंच, रोजचंच. देणगी १,९०० रुपये, ‘त्या दिवशी मुलींना सांभाळणाऱ्यांसाठी’. पावतीवर ‘कर्मचारी निधी’ असा स्पष्ट उल्लेख आणि वेगळं बचत खातं. पक्वान्न आणायचंच असेल तर ते रोजच्या जेवणाच्या जोडीला. ३६५ तिथ्या भरल्या तर ६,९३,५०० होतात. भरतीलच असं नाही, आणि कंपन्यांच्या सीएसआरकडे, म्हणजे सामाजिक कामासाठीच्या निधीकडे, बोट दाखवून उपयोग नाही. बहुतेक कंपन्यांना भिंत, व्हॅन, संगणक द्यायला आवडतं. पगारावर नावाची पाटी लावता येत नाही.

हप्त्यांच्या उशिरासाठी ठेव मोडण्याऐवजी ठेवीवर ओव्हरड्राफ्ट घेतला. व्याज साधारण ठेवीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त पडतं आणि तेही अनुदानाबाहेरचंच, पण पगार ५ तारखेला जातो.

पुढच्या वर्षाच्या प्रस्तावात संस्थेने पदांच्या तक्त्याला तीन स्तंभ जोडले: मंजूर दर, राज्याचा किमान दर, पीएफसह खरा खर्च. खाली एक ओळ: तफावत राज्याने स्वतःच्या निधीतून भरावी, अन्यथा कमी पदं मंजूर करून आहे त्यांना पूर्ण वेतन देण्याची परवानगी द्यावी. राज्याला अशी भर घालायला काही आडकाठी नाही. दुसरा पर्याय धोक्याचा आहे हे संस्थेलाही ठाऊक होतं, कारण पदं कमी झाली की पाळ्यांचं गणित आणखी बिघडतं. तरीही तो लिहिला गेला, कारण लेखी नकार मिळणं हेसुद्धा नस्तीत उपयोगी पडतं. किमान वेतनाचा दावा उद्या श्रम न्यायालयात गेला तर संस्थेने कधी आणि कुणाकडे मागणी केली होती ते त्या कागदाने दाखवता येतं.

नव्या नेमणूकपत्रांत एक बदल केला. आधी फक्त ‘मानदेय १४,५६४’ असं असायचं. काही संस्था या रकमेतूनच मालकाचाही हिस्सा कापतात, जो पीएफ योजनेच्या परिच्छेद ३१प्रमाणे कापताच येत नाही. काही जण पळवाट म्हणून १४,५६४ला १.१३ने भागतात, १२,८८८ पगार लिहितात आणि बाकी पीएफला लावतात. मग लेखापरीक्षक म्हणतो की मंजूर मानदेय पूर्ण दिलं नाही, आणि पगारही कुशल दराच्या खाली उतरतो. इथे पत्रात आता तीन रकमा वेगळ्या लिहिल्या आहेत: अनुदानातून मंजूर पगार, संस्थेची भर, आणि मालकाचा पीएफ हिस्सा, जो पगाराच्या बाहेर. त्याच पत्राची प्रत जिल्हा बाल संरक्षण इकाईला (कक्षाला) आणि पोच-पावती सेवापुस्तकात.

दुसरा हप्ता मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात सुटला, समुपदेशकाच्या पाच महिन्यांची वजावट करून. ते पद फेब्रुवारीत भरलं गेलं होतं.